खोलायचं घरी, घडवायचं उद्यमनगरात: जुनी पिकअप हाती घेणाऱ्या नवख्यांसाठी

जुनी पिकअप घरी दुरुस्त करायची म्हणजे सगळं काम घरच्या अंगणातच उरकायचं, असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. कोल्हापुरात राहणाऱ्याची मोठी सोय अशी की शिवाजी उद्यमनगरात लेथवाला, वेल्डर, पाटेवाला (पाटे म्हणजे चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा), रेडिएटरवाला, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) तपासणारा हे सगळे एका फेरीत भेटतात. म्हणून इथली रीत सरळ आहे. भाग घरी खोलायचा, पिशवीत घालून उद्यमनगरात न्यायचा, बनवून आणायचा आणि घरी बसवायचा. मजुरीचा मोठा हिस्सा खोलण्या-बसवण्यातच जातो आणि गाडी कळते तीही त्यातच.

हे लिखाण मुख्यतः टाटा २०७ किंवा बोलेरो पिकअपच्या जुन्या, मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल इंजिन (नव्या गाड्यांतलं, फार जास्त दाबानं डिझेल फवारणारं) असेल तर ब्रेक, पाटे, हौदा, वायरिंग हे सगळं तसंच लागू पडतं. डिझेलच्या हाय प्रेशर पाइपला मात्र घरी हात लावायचा नाही. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. बारीक गळतीची धारसुद्धा कातडीतून आत शिरते.

गाडी घेताना

आपल्याकडे जुनी गाडी बघताना पहिला प्रश्न किलोमीटरचा नसतो, पुराचा असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं, चिखली-आंबेवाडीसारखी गावं पाण्यात गेली. त्या वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या नसतील, असं समजणं भाबडेपणाचं आहे. वरून चकचकीत असलं तरी गाळ लपत नाही, फक्त कुठं बघायचं ते ठाऊक पाहिजे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, गुंडाळलेल्या आतल्या भागावर मातकट रेघ दिसते. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या खाचेत बोट फिरवा. डॅशबोर्डखाली मान घालून टॉर्च मारा आणि वायरिंगचा एखादा कपलर सोडवून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का बघा. मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचा प्लग सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलेलं आहे, मग मालक काहीही सांगो.

दुसरी तपासणी चासीची. केबिनचा पत्रा कुजला तर बदलता येतो. मागचे पाटे जिथं टांगलेले असतात त्या हँगरभोवती चासीला पापुद्रे सुटले असतील, तर ती गाडी सोडून द्या. टोकदार स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिथं, बॅटरीच्या ट्रेखाली आणि पायातल्या रबरी मॅटखाली टोचून बघा. मालकाला राग आला तर येऊ दे.

इंजिन थंड असताना सुरू करून बघायचा हट्ट धरा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. चालू इंजिनवर ऑइल भरायचं टोपण उघडा. थोडी वाफ येणं ठीक. पण भकाभक धूर येत असेल आणि टोपण उलटं ठेवल्यावर उडत असेल, तर मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच, आणि इंजिन खोलावंच लागणार. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर बहुतेक वेळा एअर फिल्टरचा किंवा नोझलचा असतो आणि तो स्वस्तात जातो. पांढरा धूर थंडीत क्षणभर दिसला तर घाबरू नका. तो टिकून राहिला आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

कागद बघताना आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर कोरलेला नंबर स्वतः ताडून घ्या. बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, फिटनेस कधी संपतोय हे वाहन पोर्टलवर दिसतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. म्हणजे जुनी पिकअप तुम्हाला दर वर्षी आरटीओत न्यायचीच आहे. दुरुस्तीचा बेत आखताना ही तारीख समोर ठेवा.

जागा आणि हत्यारं

पेठेतल्या गल्लीत हे काम होत नाही. वाट अडते आणि शेजारी बोलतात. उपनगरातला मोकळा प्लॉट, गावाकडचं अंगण किंवा मळ्यातली शेड बघा. जमीन सपाट आणि घट्ट पाहिजे. काळ्या मातीत जॅक रुततो, त्याखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट टाका.

एक गोष्ट वाद न घालता पाळायची: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. दोन चांगले स्टँड विकत घ्या. विटा रचून गाडी टेकवणारे बघितले असतील, पण वीट वजनाखाली न सांगता फुटते. आणि मागची चाकं उचलली की मागच्या चाकांवर लागणारा हँडब्रेक काही धरत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा.

हत्यारांत रिंग आणि फिक्स पान्ह्यांचा संच, बॉक्स पान्हे, चाकाच्या नटांसाठी लांब दांडा, फिलर गेज, ग्रीस गन, मल्टिमीटर आणि टॉर्क रेंच. शेवटचं महाग वाटतं म्हणून लोक टाळतात. रोजच्या बोल्टांना हाताचा अंदाज चालतो, हेड बोल्टला आणि बेअरिंग कॅपला चालत नाही. गंजलेल्या नटाशी कुस्ती धरू नका. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. सकाळी पान्हा लावताना आधी किंचित घट्ट बाजूला आणि मग सैल बाजूला फिरवा.

जुनं ऑइल गटारात ओतू नका. शहरातलं गटाराचं पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं आणि तेच पाणी पुढं कुणाच्या तरी नळाला येतं. कॅन भरून ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.

आधी वही, मग पान्हा

गाडी घरी आली की हात शिवशिवतात. तरी पहिले काही दिवस गाडी फक्त चालवा, ऐका आणि लिहा. कुठल्या वेगाला आवाज येतो, तो वळणावर येतो की खड्ड्यात, ब्रेक दाबल्यावर गाडी कुठल्या बाजूला ओढते, रात्री उभ्या जागी खाली कसला थेंब पडतो. पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवला की सकाळी डागावरून कळतं. काळा आणि निसरडा म्हणजे इंजिन ऑइल, जाड आणि उग्र वासाचा म्हणजे गिअर ऑइल, हिरवट म्हणजे कुलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पाण्यासारखा डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा. त्या दिवसापासून ब्रेक होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही.

वहीत कामाचा क्रम लावताना माझा हट्ट असा: आधी थांबणं, मग वळणं, मग पळणं आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक नवखे उलट्या टोकानं सुरुवात करतात. रंग, टेप, एलईडी उरकतात आणि गगनबावड्याच्या उतारावर पेडल खाली बसतं.

ब्रेक: इथं घाई नाही

मागचा ड्रम काढायचं काम घरी होतं आणि ते नवख्यानं करावंच. चाक काढा, ड्रमचे स्क्रू काढा. ड्रम हलत नसेल तर आत लायनरनं (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीनं) केलेल्या खाचेत तो अडकलेला असतो. ॲडजस्टर मागं घ्या म्हणजे शू (लायनर लावलेल्या कमानी) आत येतात. कितीतरी ड्रमांना दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यात बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी सारखे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. हातोडीनं कडेवर मारत सुटू नका, ओतीव आहे, तडकतो.

आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची नाही आणि फुंकायचीही नाही. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि ते फडकं टाकून द्या.

आता स्प्रिंगा. त्या कुठल्या भोकात, कुठल्या बाजूनं अडकवल्यात याचा फोटो काढा. आणि एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे अडलं की दुसऱ्या चाकाकडं बघून खात्री करता येते. व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी हळूच उचला. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. आतून गुळगुळीत असेल तर नवीन रबर किट पुरतं. पण नखाला खळगे लागत असतील तर अख्खा सिलिंडर बदला. “पेपर मारून चालतंय की,” असं म्हणणारा कुणीतरी भेटेलच. नाही चालत. नवीन रबर त्या खळग्यांवर घासून पुन्हा गळायला लागतं.

ब्रेकचे रबरी भाग डिझेलनं, पेट्रोलनं किंवा ऑइलच्या फडक्यानं पुसायचे नाहीत. रबर फुगतं, ब्रेक धरून राहतात आणि कारण सापडत नाही. बसवण्याआधी रबराला ताजं ब्रेक ऑइलच लावा.

इथून पिशवी भरते. शू नवीन लायनर मारायला द्या आणि ड्रम लेथवर लावा. ड्रमवर जास्तीत जास्त चालणारा व्यास कोरलेला असतो. लेथवाल्याला तो आधी दाखवा आणि त्याच्या पुढं कापू नको म्हणून सांगा. एकाच ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकदमच न्या. एक कापलेला आणि एक जुना असं ठेवलं तर गाडी एका अंगाला ओढते. लायनर बसवल्यावर कडा किंचित मारून घेतल्या का तेही बघा, नाहीतर ब्रेक दाबताना आवाज करतात.

सगळं बसलं की एअर (ब्रेकच्या पाइपात अडकलेली हवा) काढायची. ब्रेक ऑइलच्या डबीच्या कॅपवर लिहिलेल्या नंबरचंच ब्रेक ऑइल आणा, डॉट-३ किंवा डॉट-४. डबा सीलबंद असावा. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि मग घाटात तापलं की पेडल स्पंजासारखं होतं. म्हणून दोन वर्षांनी ते सगळंच बदलतात. उजव्या हाताच्या स्टेअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक डावं मागचं. सुरुवात तिथून, मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. चाकामागच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. पेडलवर घरातलं कुणीतरी बसवा आणि बोलायचे शब्द आधी ठरवून घ्या.

“दाब.”

“दाबलंय, दादा.”

“धरून ठेव. सोडू नको.” इथं निपल पाव फेरा सैल करायचा. नळीतून आधी गढूळ ऑइल येतं, मग बुडबुड्यांची माळ, आणि पेडल खाली जातं. “खाली गेलं,” असं ऐकू आलं की निपल आधी आवळायचा आणि मगच “सोड” म्हणायचं. हा क्रम उलटा झाला की तीच हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं आणि मध्येमध्ये वरच्या डबीत ऑइल भरत राहायचं. डबी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली बसत असेल तर कुठंतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडर गेला. पेडल दाबलेलं ठेवूनच इंजिन सुरू करा. ते किंचित खाली गेलं म्हणजे बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा डबा) ठीक. न गेल्यास व्हॅक्युम पंप आणि त्याची नळी बघा. या गाड्यांत तो पंप बहुधा डायनामोच्या पाठीला असतो.

स्टेअरिंग आणि पाटे

पुढचं चाक उचलून, गाडी स्टँडवर टेकवून चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग किंवा किंगपिन किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडं हलवून लागली तर टाय रॉड एंड. बेअरिंग काढून, धुऊन, नवीन ग्रीस भरणं घरी जमतं. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूनं दाबत राहायचं, ते दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. टाय रॉड एंड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्याच. किंगपिन आणि त्याचे बुश मात्र उद्यमनगरात द्या, रीमर मारल्याशिवाय ते बसत नाहीत. आणि स्टेअरिंगच्या कुठल्याही दांडीला वेल्डिंग करायचं नाही. कुणी कितीही खात्री दिली तरी.

पाट्यांचं खोलणं-बसवणं नवख्यानं एकट्यानं करू नये. सेंटर बोल्ट सुटला की दबलेला पाटा अंगावर येतो. शॅकलचे बुश बदलणं, निपलमधून ग्रीस मारणं, यू-बोल्ट आवळणं एवढं घरी. कमान उतरली असेल तर पाटे काढून नेऊन कमान भरून घ्या. ‘जादा पाटा टाकला की गाडी जास्त माल ओढते’ हे ऊसपट्ट्यातलं आवडतं शास्त्र. पाटा वाकणं थांबतं हे खरं, पण ब्रेक, ॲक्सल, चासी आणि टायर जुन्याच हिशेबाचे राहतात. शिवाय काही पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ भाराप्रमाणं ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून उचलली गेली की त्याला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. आरसीवरचं वजन हीच मर्यादा.

टायरचं वय बाजूला कोरलेलं असतं. लंबगोलातले शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर तडकलेलं जुनं टायर घाटात नेऊ नका.

इंजिन: घरी किती, बाहेर किती

ऑइल, फिल्टर, टॅपेट, पट्टा, कुलंट हे घरचं. बोअर, क्रँक, हेड सरफेस, नोझल, पंप हे बाहेरचं.

ऑइल इंजिन कोमट असताना काढा, सगळा गाळ त्याच्याबरोबर येतो. ग्रेड पुस्तिकेप्रमाणं. या जुन्या डिझेलांना बहुतेक वेळा १५डब्ल्यू-४० चालतं. किती भरायचं ते डिपस्टिक सांगते, दुकानदार नाही.

डिझेल फिल्टर बदलला की गाडी सुरू होत नाही आणि नवखा घाबरतो. लाइनमध्ये हवा गेलेली असते, एवढंच. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग सेल्फ मारा, पण सलग नको, मध्ये दम द्या, नाहीतर सेल्फही जळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू व्हायला त्रास देत असेल तर बॅटरीआधी हवेचा संशय घ्या. पंपाच्या अलीकडं कमी दाबाच्या लाइनमध्ये थोडी पारदर्शक डिझेल नळी तात्पुरती बसवली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग टाकीकडं सरकत सरकत कुठला क्लिप, कुठला वॉशर हवा ओढतोय ते सापडतं.

नोझल काढून टेस्टरवर नेताना तिथं पोरांना पुढं जाऊ देऊ नका. फवाऱ्यापुढं हात धरायचा नाही. परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवीनच. हेड काढावं लागलं तर पुश रॉड एका पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर लिहून क्रमानं खोचून ठेवा. जो जिथला तिथंच परत गेला पाहिजे.

आंबा घाटात गाडी तापते अशी तक्रार असेल तर थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाकडं वळण्याआधी रेडिएटरची पुढची बाजू बघा. उसाच्या फडात जाणाऱ्या गाडीच्या जाळीत पाचटाचे तुकडे आणि धूळ मिळून थर बसलेला असतो. पाणी कमी दाबानं, इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीची पानं आडवी होतात. पट्टा अंगठ्यानं दाबून बघा, लांबच्या बाजूला साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरू नका, क्षार बसतात. कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी घ्या. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही.

एअर फिल्टरचं एक खास आपल्याकडचं: चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर यात्रेकरूंची ने-आण करून आलेल्या गाडीचा फिल्टर उघडला की आत गुलाबी. गुलाल बारीक असतो, झटकून जात नाही. नवीन टाका.

वायरिंग

जुन्या पिकअपचे निम्मे विजेचे आजार अर्थिंगचे असतात. बॅटरीच्या ऋण टोकापासून चासीला आणि इंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्या काढा, जागा घासून उघड्या धातूपर्यंत आणा, घट्ट लावा, वरून व्हॅसलीन. मग मल्टिमीटर: गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, चालू इंजिनवर १३.८ ते १४.४. त्याच्या खाली असेल तर डायनामो नीट चार्ज करत नाही, वर असेल तर बॅटरी उकळते.

हेडलाइट मंद वाटले की लोक ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० चे टाकतात. हिशेब करून बघा. साठ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टला दहा अँपिअर ओढतात, शंभरचे दोन सोळाच्या वर. तो सगळा करंट त्या जुन्या बारीक वायरीतून आणि स्टेअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, आणि एके रात्री वास यायला लागतो. शिवाय तो बल्ब कायद्यातही बसत नाही. त्यापेक्षा बॅटरीपासून फ्यूजमधून जाड वायर आणा, रिले (थोड्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच) लावा, जुन्या स्विचनं फक्त रिले चालवा. त्याच साठच्या बल्बांचा उजेड नव्यासारखा पडतो. वायरी टेपनं न गुंडाळता सोल्डर करा किंवा क्रिंप करा, वरून वायरिंगची नळी घाला. पावसाळ्यात गुऱ्हाळाजवळ किंवा गोठ्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. उंदरांना ती ऊब फार आवडते.

गंज आणि हौदा

पिकअपचा हौदा काय वाहतो त्यावर तो कसा कुजतो ते ठरतं. दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीत सांडलेलं दूध आंबून जोडांमध्ये बसतं आणि पत्रा खालून खातं. फाउंड्रीची जळकी वाळू ओली राहते आणि कोपरे संपवते. गुळाचे रवे वाहणाऱ्या गाडीत मुंग्या आधी येतात, गंज नंतर. म्हणून हौद्याला खालून पाणी निथळायची भोकं मोकळी आहेत का ते सगळ्यात आधी बघा; अर्ध्या गाड्यांत ती चिखलानं बुजलेली असतात.

कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा. वरून नवा पत्रा चिकटवणं म्हणजे आत गंज जिवंत ठेवणं. वेल्डर घरी बोलवा किंवा गाडी न्या, पण इलेक्ट्रिक वेल्डिंगआधी बॅटरीची ऋण वायर काढा, डायनामोचं कनेक्शन सोडवा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. डिझेल टाकी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी जास्त धोक्याची, तिच्यात वाफ असते. तिला वेल्डिंग करायची वेळ आली तर ती त्याच कामाचा सराव असलेल्या माणसाकडंच.

उघडा पत्रा ग्राइंडरच्या वायर ब्रशनं साफ करा. डोळ्यांवर गॉगल पाहिजेच, त्या तारा तुटून उडतात. त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा, कोल्हापूरच्या पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. लांबी (पुट्टी) पातळ भरायची. खड्डा खोल असेल तर तो डेंटरकडून आधी ठोकून काढा, जाड लांबी रस्त्याच्या खड्ड्यांत तडकते. रंगाचं काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत. पावसाळ्यात मारलेला रंग पांढुरका पडतो. टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग घरी फवारू नका, त्याची वाफ फुप्फुसाला वाईट. साधा इनॅमल ब्रशनं किंवा गननं मारला तरी कामाच्या गाडीला शोभतो.

हौद्याच्या तळाला चेकर प्लेट टाकायची हौस सगळ्यांना असते. टाका, पण तिच्या आणि जुन्या तळाच्या मध्ये पाणी साठणार नाही अशी. आणि तिचं वजन मालाच्या वजनातून वजा होतं हे विसरू नका. माझी पसंती जाड फळ्यांना. कुजलेली फळी एकटी बदलता येते, गायी-म्हशी घसरत नाहीत आणि आवाज कमी होतो.

सजावट आणि कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. म्हणजे चासी लांबवणं, हौद्याची उंची-रुंदी वाढवणं, बाहेर येणारे रुंद टायर, मनाला येईल ते इंजिन हे सगळं बाद. इंजिन बदलायचं असेल किंवा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओला विचारा, आरसीवर नोंद लागते. वेगवेगळ्या सुरांचे हॉर्न चालत नाहीत. हौद्यात बाकडी टाकून माणसं बसवणं तर नाहीच, वरातीलाही नाही.

मग उरलं काय? भरपूर उरलं. नवीन रेक्झिनची सीट, दारांच्या आत आवाज अडवणारा थर, चांगला टेप, काढता-घालता येणारे पाइप आणि ताडपत्री, फाळक्याला नवीन बिजागऱ्या आणि कड्या, रबरी मॅट. आणि फाळक्यावरचं लिखाण. स्टिकर मिळतो, पण ब्रशनं लिहिणारा पेंटर सापडला तर त्याच्याकडूनच लिहून घ्या. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ चा ‘चां’ त्याच्या हातात जो वळतो तो प्लॉटरच्या पात्याला येत नाही. गाडी कशी राखायची हे बघायचं असेल तर दसऱ्याला दसरा चौकात जा. छत्रपतींच्या घराण्याची १९३६ ची मेबॅक तिथं येते, मूळ रूप न मोडता.

फिटनेसला जाताना मागं लाल आणि पुढं पांढरी रिफ्लेक्टिव्ह टेप, चालू इंडिकेटर, वायपर, हॉर्न, पीयूसी, विमा हे तपासा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

पहिली फेरी

सगळं जोडून झालं की गाडी रिकामीच काढा. आधी अंगणातच पुढं-मागं, ब्रेक दाबून. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर सकाळी लवकर, हळू वेगात हात किंचित सैल ठेवून ब्रेक मारा, गाडी ओढते का बघा. थांबून चारही चाकांच्या ब्रेकजवळ हाताचा मागचा भाग न्या, टेकवू नका. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथं ब्रेक धरून बसलाय, ड्रम असेल तर ॲडजस्टर सैल करा. ठीक असेल तर कात्यायनीच्या चढाला न्या, वरच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही असं झालं तर क्लच प्लेट घसरतेय.

पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवीन बसलेले भाग दबतात आणि आवळलेले बोल्ट सैल पडतात. पुठ्ठा परत गाडीखाली अंथरा. घाट आणि भरलेला हौदा त्यानंतर, पुठ्ठा दोन-तीन सकाळी कोरडा राहिला की.